बीड ते सौताडा सायकलने: थोडी भर

'मराठवाडा सपाटच, बीड-सौताडा-बीड एका दिवसात आरामात होईल' असं सौताड्याच्या धबधब्याला सायकलने जाण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय. त्यांनी मांजरसुंब्याचा घाट एकदा सायकलवर चढून बघावा! बालाघाटचे डोंगर उंचीला फार नाहीत, पण खरा दम काढतं ते माथ्यावरचं वारं. पावसाळ्यात ते पश्चिमेचं असतं, म्हणजे पाटोद्याकडे जाताना थेट तोंडावर. म्हणून वारं वाढायच्या आत, अंधारातच निघा, नायगावच्या अभयारण्यापाशी सकाळी मोर दिसण्याचीही शक्यता जास्त.

दिवाळीनंतर जाणार असाल तर पाण्याचं आधीच बघा. इकडची बरीच माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात, वाड्या-तांड्यांवर दारांना कुलपं. लिंबागणेशला बाटल्या भरून घ्या.

आणि बाभळीचा काटा! नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टोक टायरमध्येच मोडून राहतं, वरून दिसतही नाही. फडकं आतून सावकाश फिरवायचं. जिथे धागा अडकेल तिथे काटा.

सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा पावसाळ्यातच खरा. सायकल वरच ठेवा, रामेश्वराला पायऱ्या उतरून जावं लागतं. चढताना मात्र मांड्या बोलतात.