गावाहून फिरायला निघताना सामान किती न्यावं?

धागाकर्ती, आर्णी
सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे घरोघरी बॅगा माळ्यावरून उतरतात. जायचं कुठंही असो, भरलं जातं तेच: चार चादरी, दोन पातेली, डबाभर चिवडा आणि लग्नात नेसायच्या साड्या. माझं मत असं की सामान ठिकाण पाहून भरावं आणि ज्याची बॅग त्यानंच उचलावी. गावातून फाट्यापर्यंत ऑटो, फाट्यावरून एसटी, मग बडनेऱ्याला जिना चढून गाडी. दर ठिकाणी नग उतरवा, मोजा, पुन्हा चढवा. रेल्वेच्या स्लीपरला माणशी 40 किलो चालतं, म्हणून तेवढं न्यायलाच हवं असं नाही. शेवटी ते ओझं बाईच्याच वाट्याला येतं, तेही कडेवर लेकरू असताना.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जीन्स नेऊ नये. तिथल्या धुक्यात भिजलेली जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. टेरिकॉटची पँट, जास्तीचे मोजे आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी पुरते. ताडोब्याला डिसेंबरात पहाटे सफारीच्या उघड्या जिप्सीत बसायचं म्हणजे स्वेटर, कानटोपी, मफलर हवेच. मे महिन्यात तिथंच पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि दुपट्टा. भडक रंग दोन्ही वेळी नकोत, आणि बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवावं. एवढ्याला मोठी सुटकेस कशाला?

कास्तकार, दर्यापूर
ताई, कपड्यायचं पटलं. पण डब्ब्याले काहून नावं ठेवता? आमी पाच माणसं निघतो तं बाहेरच्या एका जेवणाले किती पैसे लागते, हे तुमाले मालूम आहे. दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या तं दोन दिवस नरम राह्यते. संगं जवसाची चटणी अन् कांदा. खाल्लं तसं वजन कमीच होत जाते. उन्हाळ्यात पाच लिटरची पाण्याची कॅन त मी सोडणारच नाही. एसटी रानात बंद पडली तं लेकरायले काय पाजायचं? चादरही पायजेच. रात्रीच्या गाडीत जनरलच्या डब्ब्यात खाली बसा लागते, तवा तेच अंथरूण होते.

सून, हिंगणघाट
दादा, दशम्या कोण करतं आणि कॅन कोण धरतं, तेही सांगा. निघायच्या आदल्या रात्री आम्ही बारा वाजेपर्यंत चुलीपुढं, आणि सकाळी पुरुषमंडळी हात हलवत फाट्यावर उभी. माझ्या घरी आता पोरं आपापलं दप्तर रिकामं करून त्यात आपले कपडे भरतात. आठ वर्षांच्या मुलीलाही दोन फ्रॉक, टॉवेल, ब्रश एवढं झेपतं. आणि सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका, खांद्याच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग सीटखाली जाते आणि गोळीची वेळ टळते.

वारकरी, खामगाव
माउली, सहल आणि वारी एका मापानं मोजू नका. पायी दिंडीत मुक्काम कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी मंडपात. वळकटी आणि इरलं नसेल तर माणूस आजारी पडेल. ते सामान ट्रकमधून जातं, खांद्यावर फक्त पडशी. तिथं कमी न्या म्हणणं मला मान्य नाही. ट्रकमधल्या प्रत्येक वळकटीवर नाव-गाव मोठ्या अक्षरात लिहावं, हे मात्र सांगतो. अंधारात सगळ्या सारख्याच दिसतात.

मास्तर, गोंदिया
नागपूरहून पहिल्यांदा विमानानं जाणाऱ्यांसाठी. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो काउंटरवर जमा करायला आणि 7 किलो हातात. मिरचीचं लोणचं आणि अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही, पॉवर बँक उलट हातातच ठेवावी लागते. घरी धान्याच्या काट्यावर बॅग तोलूनच निघा. विमानतळावर जास्तीच्या किलोचे पैसे पाहून म्हातारी माणसं घाबरतात. मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे.

धागाकर्ती, आर्णी
वारीचं मान्य. वळकटी हवीच, तिथं माझं म्हणणं लागू नाही. दादा, पाण्याबद्दलही वाद नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण पाच लिटरची एक कॅन घेण्यापेक्षा एकेक लिटरच्या पाच बाटल्या पाच जणांत वाटा. चादरी चारच्या दोन करा. आणि पातेली? शेगावला महाप्रसाद मिळतो, चिखलदऱ्याला खानावळी आहेत. तिथं पातेलं नेलं की स्टोव्ह येतो, स्टोव्हमागं तांदूळ-डाळ येते आणि घरची बाई सुट्टीतही स्वयंपाकच करत राहते. माझा राग त्यावर आहे.

कास्तकार, दर्यापूर
बाटल्यायचं जमते. पातेली या वेळी घरीच ठेवतो, ताईचं म्हणणं खोटं नाही. दशम्यायची कणीक मी मळून देईन. पण डब्बा नेईनच, अन् चादरी तीन.