मदत हवी आहे: एगुसी सूपमधले गोळे फुटतात, पालकाचं पाणी सुटतं

नायजेरियन एगुसी सूप बियांच्या वाटणाचे गोळे राखून करायचं आहे. चार-पाच जणांसाठी प्रमाण: सोललेल्या एगुसी बिया (कलिंगडाच्या कुळातल्या फळाच्या) २०० ग्रॅम, लाल पाम तेल १२० मिली, मटण शिजवलेलं पाणी पाऊण लिटर, लाल सिमला मिरच्या २, स्कॉच बॉनेट मिरच्या २, कांदे २, पालक ४०० ग्रॅम, जवळ्याची पूड २ चमचे. गोळे फुटून सूप रवाळ होतं, तळाला लागतं आणि पालक घातला की पातळ होतं. लाल पाम तेलाऐवजी पामोलिन चालेल का?

प्रतिसाद १
वाटणात पाणी जास्त होतंय. बिया कोरड्याच दळा, तेही मिक्सर थांबत थांबत फिरवून. या बियांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. सलग फिरवलं की ते सुटतं आणि पिठाचा चिकट लगदा होतो. अर्धा कांदा वाटून त्याच्या ओलाव्यातच पीठ कालवा, फारच कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी. वाटण चमच्यावरून ओघळता कामा नये, बोटाने ढकलल्यावर पडायला हवं.

तेल मध्यम आंचेवर तापवून, धूर न येऊ देता, उरलेला कांदा परता. इरू (लोकस्ट बीन या आफ्रिकी झाडाच्या आंबवलेल्या बिया) मिळाल्या तर इथेच घाला, त्यांच्याशिवाय सूपला खोली येत नाही. मग वाटलेल्या मिरच्या घालून पाणी आटेपर्यंत परता. टोमॅटो नको, आंबटपणाने बियांची गोडसर चव दबते. आता मटणाचं पाणी घालून उकळी आली की चमच्याने गोळे सोडा, आंच मंद करा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं अजिबात ढवळू नका. गोळा बाहेरून बांधला जाण्याआधी पळी लागली की फुटतोच. नंतर मटण आणि जवळ्याची पूड घालून, हलक्या हाताने उलटून आणखी पंधरा मिनिटं. तेलाचा लाल तवंग वर आला म्हणजे शिजलं. नाहीतर कच्चट वास राहतो.

प्रतिसाद २
तळाला लागण्याचं कारण बहुधा पातळ बुडाचं भांडं. सुटलेलं पीठ खाली बसतं आणि आधी तेच करपतं. जाड बुडाचं पातेलं घ्या, घट्ट होत गेलं तर गरम पाणी थोडं थोडं घाला. लागलंच तर तळ खरवडू नका, वरचं सूप दुसऱ्या भांड्यात काढा.

पालकाचं: उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून चिरा. नायजेरियात बऱ्याचदा उगूची (भोपळ्याच्या कुळातल्या वेलाची) पानं घालतात. त्यांना पालकाइतकं पाणी सुटत नाही, म्हणून ती धुऊन, निथळून, चिरून थेट घालतात. दोन्ही भाज्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, झाकण न ठेवता. कडू पान (बिटरलीफ) वापरणार असाल तर चोळून, पाणी बदलत धुवा. ते चिवट असतं, त्यामुळे आठ-दहा मिनिटं आधी घालावं लागतं.

प्रतिसाद ३
पामोलिन नको. ते शुद्ध केलेलं असतं, त्यात लाल तेलाचा रंगही नाही आणि स्वादही नाही. लाल तेल थंडीत थिजतं, तो दोष नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

जवळा मात्र छान चालतो. तिकडे क्रेफिश म्हणून विकतात तीही बारीक सुकी कोळंबीच. जवळा निवडून, वाळू झटकून, कोरडा भाजून पूड करा. तो खारा असतो, तेव्हा मीठ शेवटीच.

प्रश्नकर्ता
एगुसी नाही मिळाली तर मगजबी घेऊ का? आणि कधीकधी सूप कडवट का लागतं?

प्रतिसाद १
कलिंगडाची मगजबी घ्या, एगुसीच्या सगळ्यात जवळची तीच. भोपळ्याच्या बियांनी सूप हिरवट होतं, चवीला वाईट नाही. दोन्ही न भाजलेल्या, बिनमिठाच्या हव्यात.

कडवटपणा बहुतेक वेळा खवट बियांचा असतो. दळण्याआधी चार-पाच बिया चावून बघा. कडू निघाल्या तर सगळा पुडा बाजूला ठेवा, कारण तो खवटपणा शिजवून जात नाही. चांगल्या बिया हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढ्याच दळा.