मदत हवी आहे: आईला बायबलमधलं कुठलं स्तोत्र वाचून दाखवू?
सलाम मंडळी, बाबा जाऊन दोन महिने झाले, तेव्हापासून आई प्रार्थनेला बसतच नाहीये. पवित्र शास्त्र उशाशी तसंच पडलंय, बाबांनी खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट अजून आत आहे. स्तोत्र 23, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ते, वाचायला घेतलं तर म्हणाली, देव मेंढपाळ आहे ना मग हे असं का, मला काही बोलताच आलं नाही. काल रात्री एकटीने 88 वं वाचलं, ते तर अंधारातच संपतं, पण खरं सांगते मला तेच जवळचं वाटलं, कारण ते लिहिणारा माणूस एवढी तक्रार करतो तरी हाक देवालाच मारतो. हे आईला वाचून दाखवू का, की अजून खचेल? का 42 किंवा 130 पासून सुरू करू, त्यांत दुःखासोबत आशाही आहे? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज सांगा.