व्हीपीएन: एक बटण पुरे की सेटिंगांचं जंगल हवं?

सरळसोट: परवा एका महाशयांनी इथे लिहिलं, "ज्याला प्रोटोकॉल कळत नाही त्याने व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नये." डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. (नवख्यांसाठी: व्हीपीएन आपलं नेट कूटबद्ध बोगद्यातून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेतं; प्रोटोकॉल म्हणजे तो बोगदा बांधायची पद्धत.) मीही वर्षभर याच मताचा होतो. मल्टिहॉप (एकाहून जास्त सर्व्हरांतून वळसा), स्प्लिट टनेलिंग (निवडक अ‍ॅप बोगद्याबाहेर ठेवणं), सगळा सरंजाम असलेली सेवा घेतली. बँकेचं अ‍ॅप चालेना म्हणून ते बोगद्यातून वगळायला गेलो, त्या झटापटीत ब्राउझरवरही टिचकी पडली. तीन आठवडे वर हिरवं कुलूप आणि ब्राउझर उघड्यावर! सहज साइटींना दिसणारा माझा आयपी पत्ता (नेटवरचा पत्ता) पाहिला, तो खराच निघाला, तेव्हा कळलं. आता एका बटणाचं अ‍ॅप आहे. चालू नाहीतर बंद, विषय संपला.

खटपट्या: ते महाशय मीच. बोट तुमचं घसरलं आणि शिव्या स्प्लिट टनेलला? वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना तुमचं एक बटण काय करतं? व्हीपीएन तुटताच नेट अडवणारा किल स्विच नसेल तर मधलं ट्रॅफिक मुकाट उघड्यावरून जातं. आयपीव्ही६, म्हणजे नव्या धाटणीच्या आयपी पत्त्यांवरचं ट्रॅफिक, बोगद्याबाहेर गळतंय का, कधी तपासलंत?

सरळसोट: आत वायरगार्ड हा प्रोटोकॉल आहे. जेमतेम ४००० ओळींचा कोड, २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलात (गाभ्यात) गेलेला. सायफर (कूटबद्ध करायची रीत) निवडायची सोयच त्यात मुद्दाम ठेवलेली नाही. ते लिहिणाऱ्यालाही प्रोटोकॉल कळत नसणार, नाही का?

खटपट्या: वायरगार्ड फक्त यूडीपीवर (पोच न घेता डेटा पाठवायच्या पद्धतीवर) चालतं. यूडीपी अडवलेल्या नेटवर्कात तुमचं बटण गोल गोल फिरत बसेल. मी ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोटोकॉल टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटींच्याच वाटेवर, टाकतो आणि कामाला लागतो. रखडतं, पण चालतं.

वेलांटी: किल स्विचला मराठी शब्द नाही का? एका अ‍ॅपात "मारक बटण" वाचून आईने फोनच खाली ठेवला.

मधला_बाक: नेटतोड म्हणा.

खटपट्या: हे काय, वायर कापायचं अवजार?

वेलांटी: मग "संपर्करोधक"?

मधला_बाक: त्यापेक्षा मारक बरं होतं.

सरळसोट: अहो, धागा कशाचा आहे!

अक्का: याचाच आहे. "व्हीपीएन तुटलं तर इंटरनेट बंद ठेवा" एवढं साधं वाक्य त्या बटणाखाली असतं तर मी वाचले असते. ते बटण चालू होतं हेच मला ठाऊक नव्हतं. ऐन मुलाखतीत व्हीपीएन तुटलं, नेट गेलं. तीनदा राउटर बंद-चालू केला, तोवर समोरची मंडळी उठून गेली.

खटपट्या: म्हणजे किल स्विचने त्याचं काम चोख केलं.

अक्का: कौतुक आहे त्याचं. नोकरी त्याला तरी द्यायची होती.

खटपट्या: ...बरं. किल स्विच आपसूक चालू असावा आणि नेट तोडल्यावर तसं स्क्रीनवर ठळक सांगावं, एवढं मान्य. बाकीचं "प्रगत" मध्ये दडवा हवं तर. पण काढू नका!

सरळसोट: उतरले बुवा एक पायरी. मग मीही सांगतो, काल एका वायफायवर माझं बटण खरंच दहा मिनिटं फिरत होतं.

खटपट्या: हा! मग काय केलंत?

सरळसोट: मोबाइल डेटा.

वेलांटी: "जालखंडक" कसं वाटतं?