जुन्या फ्लॅटचं वायरिंग नव्याने होतंय, घरात एकमत नाही: स्मार्ट कुठे करावं, कुठे करू नये?

जुना_फ्लॅट

पुणे, १९९८ ची बिल्डिंग, २ बीएचके. वायरिंग पूर्ण नवं होणार आहे, पुढच्या आठवड्यात झिऱ्या मारायला सुरुवात. एका डीलरने सगळ्या घराचं पॅकेज दिलंय: काचेचे टच पॅनल, पंख्यांची मॉड्युल (स्विचमागे बसणारे, फोनवरून चालणारे छोटे डबे), दाराचं कुलूप, दोन कॅमेरे, स्पीकर.

घरात तीन तऱ्हा. वडिलांचं म्हणणं, अंधारात हात गेला की खटका लागला पाहिजे, काच चाचपडणार नाही. बायकोची अट, बेडरूममध्ये माइक आणि कॅमेरा येणार नाही. मुलीला सगळं फोनवर हवंय. लोड असा: १५ लिटरचा स्टोरेज गीझर २००० वॅट, स्वयंपाकघरात ३ लिटरचा इन्स्टंट ३००० वॅट, दोन एसी, तीन पंखे (एक बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा प्रकार, आणि दोन जुने), शिवाय इन्व्हर्टर.

भिंती बंद व्हायच्या आधी काय करून घ्यावं, आणि पॅकेजमधलं काय सरळ नाकारावं?

अडीचची_वायर

पॅकेजचा कागद बाजूला ठेवा. उपकरणं पुढच्या वर्षीही घेता येतील, भिंत पुन्हा फोडता येणार नाही. म्हणून आत्ता पैसा वायर, पाइप आणि बॉक्समध्ये घाला.

प्रत्येक बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) हवा, हे वायरमनला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. आपल्याकडे ज्या बोर्डात प्लग असतो तिथे न्यूट्रल असतोच. फसतात ते फक्त दिव्यांचे बोर्ड, पलंगाशेजारचा टू-वे (एकच दिवा दोन जागांहून लावायचा) आणि बाथरूमबाहेरचा. तिथे फेज आणि स्विचची वायर एवढंच उतरवण्याची पद्धत आहे. न्यूट्रल नसेल तर बिन-न्यूट्रलचं मॉड्युल घ्यावं लागतं. ते स्वतःचा करंट दिव्यातूनच ओढतं, त्यामुळे ५-७ वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. मग होल्डरपाशी बायपास कपॅसिटर लावत बसायचं. दोन मीटर वायर वाचवून हे दुखणं घेऊ नका.

दुसरं, बॉक्सची खोली. मॉड्युलर प्लेटमागे मॉड्युल, वायरींची वळणं आणि प्लगची मागची बाजू हे सगळं मावायला हवं. पातळ बॉक्समध्ये कोंबून प्लेट दाबली की वायर चेपते आणि कनेक्शन ढिलं होतं. ५० एमएम खोलीचे बॉक्स घ्या, आणि सहा मॉड्युलची (इथे मॉड्युल म्हणजे प्लेटवरची एका स्विचची जागा) गरज असेल तिथे आठचा बॉक्स बसवा. रिकाम्या जागी ब्लँक प्लेट लावता येते.

तिसरं, डीबीपासून (एमसीबी असतात तो मुख्य डबा) टीव्हीमागे, हॉलच्या छताच्या मध्यावर आणि मुख्य दाराच्या वर एकेक रिकामा २५ एमएमचा पाइप टाका, आत ओढणीची तार ठेवून. टीव्ही आणि छताच्या पाइपात आत्ताच कॅट-६ (नेटवर्कची केबल) ओढून घ्या. लाइटच्या पाइपात कॅट-६ घालू देऊ नका, वायरमन घालतात.

झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा मेजरटेप लावून फोटो काढा. पुढे कुणी ड्रिल मारेल तेव्हा उपयोगी पडतात.

२३०व्होल्ट

वरच्याशी सहमत. मी लोडबद्दल बोलतो, कारण पॅकेजवाले हा भाग पटकन उरकतात.

गीझर: २००० वॅट म्हणजे साधारण ८.७ अँपिअर, ३००० म्हणजे १३. मॉड्युलवर "१० ए" छापलेलं असतं ते रेझिस्टिव्ह लोडचं आणि मोकळ्या हवेतलं. बंद बॉक्समध्ये रोज अर्धा तास ८.७ अँपिअर वाहिले की रिलेचा कॉन्टॅक्ट आणि टर्मिनल तापतात. स्टोरेज गीझरसाठी डीबीत २५ अँपिअरचा डिन-रेल कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा दणकट स्विच) बसवा आणि मॉड्युल फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवेल असं करा. गीझरची लाइन चार स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी. टाइम लावायचा तर मॉड्युलमधलं वेळापत्रक वापरा, आणि शिवाय "चालू झाल्यावर ३० मिनिटांनी आपोआप बंद" ही सेटिंगही लावा. वेळापत्रक चुकलं तरी ती सांभाळून घेते. इन्स्टंट गीझरला स्मार्ट करण्यात काहीच अर्थ नाही, तो माणूस नळापाशी असतानाच लागतो.

पंखे: बीएलडीसीला कोणताही रेग्युलेटर किंवा स्पीड-मॉड्युल लावू नका. त्याच्या आतच इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो, त्याला पूर्ण २३० व्होल्ट हवेत. कापलेली वेव्ह दिली की तो गुरगुरतो आणि पुढे ड्रायव्हर जातो. जुन्या दोन पंख्यांना स्पीड-मॉड्युल घ्यायचंच असेल तर कपॅसिटरवालं घ्या. ट्रायकवाल्यावर (वेव्ह कापून स्पीड कमी करणाऱ्या) कमी स्पीडला पंखा गुणगुणतो. याहून सोपा मार्ग असा की भिंतीवरचा स्टेप रेग्युलेटर तसाच ठेवा आणि साधं ऑन-ऑफ मॉड्युल त्याच्या आधी फेजमध्ये टाका. स्पीड हाताने, चालू-बंद फोनने. खरं तर त्याच पैशांत दोन्ही पंखे बीएलडीसी केले तर जास्त फायदा. ७५ च्या जागी ३० वॅट धरले तर रोज १२ तासांवर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. याउलट घरभर पंधरा मॉड्युल लावली आणि प्रत्येक पाऊण वॅट खात असेल तर काही न करता महिन्याला ८ युनिट जातात. वीज वाचवायला म्हणून स्मार्ट स्विच विकणाऱ्याला हा हिशोब विचारा.

एसी: प्लग किंवा मॉड्युलने पुरवठा तोडून बंद करायचा नाही. आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल पाठवणारा छोटा डबा) पुरतो, तो एसीसमोर उघडा दिसला पाहिजे. एवढंच लक्षात ठेवा की तो एकतर्फी बोलतो. कुणी हातातल्या रिमोटने एसी बंद केला तर अॅपमध्ये तो चालूच दिसत राहतो.

आणि एक सेटिंग, जी न केल्यामुळे लोक वैतागून सगळं काढून टाकतात: वीज परत आल्यावर काय करायचं. बऱ्याच मॉड्युलमध्ये ती कंपनीतून "चालू" अशी येते. रात्री अडीचला लाइट जाऊन आली की घरभर दिवे पेटतात. सगळीकडे "आधी होतं तसं", गीझरला "बंद".

जुना_फ्लॅट

दोन शंका. डीलरचा माणूस म्हणतो, पलंगाशेजारच्या टू-वे बोर्डात न्यूट्रल नाही ओढला तरी अर्थिंगवरून मॉड्युल चालतं, "सगळीकडे असंच करतो". आणि वडिलांच्या खटक्याचं काय? टच पॅनलला पर्याय आहे का?

अडीचची_वायर

त्या माणसाला बोर्डाला हात लावू देऊ नका.

अर्थवर मॉड्युल चालतं हे खरं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. एका मॉड्युलचा करंट पाच-सहा मिलिअँपिअर असतो, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही. वायरमनला वाटतं काम झालं. अशी चार-पाच मॉड्युल झाली आणि त्यात गीझर-फ्रिजच्या करंटची थोडी गळती मिळाली की आरसीसीबी अवेळी पडायला लागतो. मग कुणीतरी "आरसीसीबीच खराब आहे" म्हणून तो बायपास करतं. त्याहून वाईट म्हणजे अर्थची वायर पुढे कुठे तुटली तर त्या वायरीवरची सगळी धातूची अंगं मॉड्युलमधून फेजला जोडली जातात. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन.

उसना न्यूट्रल हीच दुसरी खोड. इन्व्हर्टरच्या सर्किटला वेगळा आरसीसीबी असेल आणि मॉड्युलला फेज त्या सर्किटचा, न्यूट्रल शेजारच्या पॉवर सर्किटचा दिला, तर दिवा लावताक्षणी ट्रिप. ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल. काम झाल्यावर टेस्टरवर भागवू नका, मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

२३०व्होल्ट

खटक्याबद्दल: वडील बरोबर आहेत, आणि तोच नियम सगळ्या घराला लावा. इंटरनेट बंद, फोन हरवलेला, घरात पाहुणे, तरी प्रत्येक दिवा भिंतीवरून लागला पाहिजे. टच पॅनल नाकारा. ओल्या हाताला आणि पिठाच्या बोटाला ते दाद देत नाहीत. शिवाय एक पॅनल बिघडलं की त्यावरचे चार-सहा पॉइंट एकदम बंद, आणि तेच मॉडेल बाजारात असेलच असं नाही. साध्या मॉड्युलर स्विचच्या मागे मॉड्युल बसवा. बिघडलं तर काढून दोन वायरी पूर्वीसारख्या जोडता येतात.

स्मार्ट बल्बही नकोत. कुणीतरी सवयीने भिंतीवरचा स्विच बंद करतं, बल्बचा पुरवठाच जातो, आणि मग फोनवरून काही होत नाही. घरोघरी भांडण याच्यावरून होतं.

मागे मॉड्युल बसवलं तरी एक गोष्ट वडिलांना खटकेल. आपल्याकडे खाली म्हणजे चालू. फोनवरून दिवा बंद केला की स्विच खालीच राहतो आणि दिवा बंद असतो. पुढच्या वेळी वर केला की लागतो. ज्यांना हे चालणार नाही त्यांच्या खोलीत साध्या स्विचऐवजी त्याच प्लेटमध्ये बसणारं बेल-पुश घाला आणि मॉड्युल "पुश बटन" मोडवर ठेवा. दाबलं की लागतो, दाबलं की विझतो, वर-खालीचा प्रश्नच राहत नाही. टू-वेलाही हेच करा. एका बॉक्समध्ये मॉड्युल, दोन्हीकडे बेल-पुश समांतर जोडलेले.

जोडण्याआधी मॉड्युलचं पत्रक वाचा. काहींचा स्विच-इनपुट कोरडा (व्होल्टेज द्यायचा नसलेला) असतो, काहींना फेज लागतो. कोरड्या इनपुटला फेज दिला की मॉड्युल तिथेच जळतं.

लोकल_सर्व्हर

वहिनींची अट आहे, ती पॅकेजवाल्याला उद्धटपणा वाटला तरी सोडू नका. बेडरूममध्ये स्पीकरची गरजच नाही. पलंगाशेजारी "सगळं बंद" असं एक बटण असलं की बोलून करायची बहुतेक कामं होतात. हॉलमधल्या स्पीकरला माइक बंद करायचं खरं बटण आहे का ते बघा, अॅपमधली खूण पुरेशी नाही.

डीलरला एकच प्रश्न विचारा: तुमचा सर्व्हर बंद पडला तर भिंतीवरचं बटण, वेळापत्रक आणि फोन, यांतलं काय काय चालेल? अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये गिऱ्हाइकांना न कळवता बंद झाले. त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्व्हचा हब (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारा मधला डबा) बंद केला गेला, तो तर विकत घेतलेला डबाच निकामी झाला. म्हणून घरातल्या घरात चालणारं घ्या. मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालवणारं मानक) लिहिलेलं असेल तर बरं, किंवा झिगबी (वाय-फायऐवजी वेगळी बिनतारी पद्धत) मॉड्युल घेऊन होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर चालवा. झिगबीचा डोंगल थेट यूएसबी ३ च्या पोर्टला लावू नका, मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब ठेवा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच असतो आणि मग "सेन्सर गायब होतात" म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात.

वाय-फाय मॉड्युलच घेणार असाल तर २.४ चं नेटवर्क वेगळ्या नावाने करा. बहुतेक मॉड्युल ५ गिगाहर्ट्झ बघतच नाहीत, आणि फोन ५ वर असला की काही अॅपमध्ये जोडणी अडकते. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला राउटर पंचवीस-तीस उपकरणं झाली की धापा टाकतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बारा व्होल्टच्या मिनी यूपीएसवर ठेवा. इन्व्हर्टर असला तरी बदलीच्या क्षणी राउटर रीस्टार्ट होऊ शकतो.

कॅमेरे: घराच्या आत नकोतच असं मी म्हणेन. बाहेरचा लावलात तर समोरच्यांचं दार त्यात येतं का बघा, आधी त्यांना विचारा, लॉबीसाठी सोसायटीची परवानगी घ्या. पासवर्ड कारखान्यातला ठेवू नका. २०१६ ची मिराई भानगड (उपकरणं काबीज करून इंटरनेटवर हल्ले करणारा व्हायरस) असल्याच कॅमेऱ्यांवर उभी राहिली होती. क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग ठेवलं तर १ एमबीपीएसचा एक कॅमेरासुद्धा दिवसाला सुमारे ११ जीबी वर पाठवतो. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर रेकॉर्ड करा, आणि कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं घ्या, साधं कार्ड लवकर मरतं.

कडीकोयंडा

कुलुपाकडे कुणी बघितलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे लाकडी दाराबाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असतं. स्मार्ट लॉकचं बाहेरचं हँडल चांगलं जाडजूड असतं. दोन दारांमध्ये किती अंतर उरतं ते आधी मोजा, नाहीतर जाळीचं दार लागतच नाही. दाराची जाडी आणि जुन्या मॉर्टाइजचा (दाराच्या आत बसवलेल्या कुलपाचा) खाचा हेही मोजून न्या. पुण्यात त्रास कमी, पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दार फुगतं, बोल्ट खाच्यात घासतो, मोटर जोर लावते आणि बॅटरी भराभर उतरते. स्ट्राइक प्लेटचा (चौकटीवरच्या पट्टीचा) खाचा दोन एमएम मोकळा ठेवला की भागतं.

चावीचं छिद्र असलेलंच मॉडेल घ्या आणि ती चावी घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा टाइप-सीने तात्पुरता पुरवठा देता येतो का ते दुकानातच करून बघा. वडिलांसाठी नुसतं बोट ठेवू नका. वयाने बोटांच्या रेषा झिजतात, हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते, सेन्सर नाही म्हणतो. त्यांना कार्ड किंवा आकडे द्या.

जुना_फ्लॅट

टच पॅनल, इन्स्टंट गीझरचं मॉड्युल आणि आतला कॅमेरा पॅकेजमधून काढायला सांगितलं. न्यूट्रलचं लिहून घेतोय. बेल-पुशची गोष्ट वडिलांना पटली. शेवटचं एक: गॅसचा सेन्सर घ्यावा का? पाइप्ड गॅस आहे, एक सिलिंडर अजून घरात आहे.

२३०व्होल्ट

घ्या, पण जागा गॅस बघून ठरवा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर साचतो. सेन्सर छतापासून वीतभर खाली. सिलिंडरचा जड, तो खाली बसतो, सेन्सर जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर. दोन्ही असतील तर दोन सेन्सर, एकाने भागत नाही. शेगडीच्या अगदी डोक्यावर किंवा चिमणीच्या झोतात लावू नका, फोडणीच्या वाफेने खोटा वाजतो. भोंगा सेन्सरमध्येच असलेला घ्या, फोनवरची सूचना ही वरची भर समजा. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्या, आणि मागे छापलेली मुदत संपली की सेन्सर बदलायचा. वाजला म्हणून एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू होईल असं काही जोडू नका. स्विचिंगची ठिणगी तिथे नको. खिडक्या हाताने उघडायच्या, कॉक बंद करायचा.