‘सेटएनफोर्स झिरो’ शिकवणं आता तरी थांबवा

लालटोपी
परवा एका साहेबांनी नवख्या ॲडमिनांसाठी ‘सर्व्हर हातात आल्यावर करायची कामं’ अशी पोस्ट टाकली. त्यात तिसरं काम: एसईलिनक्स (कुठल्या प्रोसेसला काय करू द्यायचं ते ठरवणारा लिनक्समधला पहारेकरी) डिसेबल करून रीबूट मारा, नाहीतर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ५०२, म्हणजे ‘मागचा ॲप मिळत नाही’, देत बसेल. ‘सेटएनफोर्स झिरो’ ही त्याचीच धाकटी बहीण: रीबूटपर्यंत पहारेकरी नुसत्या नोंदी करतो, अडवत नाही. खाली ‘थँक्यू सर’ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

तो ५०२ का येतो, हे साहेबांनी कधी पाहिलंय का? रूटच्या शेलमधून ३००० पोर्टवर कर्ल मारला की बॅकएंड (मागचा ॲप) गुमान उत्तर देतो, कारण तो शेल अनकन्फाइन्ड, म्हणजे मोकाट, असतो. एनजिनएक्स चालतो एचटीटीपीडी_टी या डोमेनमध्ये (एसईलिनक्सने आखलेल्या कुंपणात), आणि त्या डोमेनला वाटेल तिथे कनेक्शन उघडायची मुभा मुळातच नाही. एरर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असतं, ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी (एसईलिनक्सच्या नकाराची नोंद) असते. सेटसीबूल या कमांडने एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे बूलियन (पॉलिसीतलं बटण) चालू करा, सोबत ‘-पी’ द्या म्हणजे रीबूटनंतरही टिकेल. संपलं. एका खिडकीसाठी वाड्याचे सगळे दरवाजे काढून ठेवायचे का?

अगदीच अडलं तर सीमॅनेजने तेवढं एक डोमेन परमिसिव्ह (अडवायचं नाही, फक्त नोंद) करा. बाकी मशीन एनफोर्सिंगमध्येच, म्हणजे खरोखर अडवत, राहतं. २००५ च्या आरएचईएल ४ पासून हे चालू स्थितीत हातात येतंय आणि आपण इतक्या वर्षांत शिकलो काय, तर ते बंद कसं करायचं.

रात्रपाळी
अहो लालटोपी, तुम्ही कधी ऑन-कॉल असता का? रात्री अडीचला पेमेंट अडकलेलं असतं, कॉलवर डझनभर माणसं, त्यातला एक दर पाच मिनिटांनी ‘ईटीए काय?’ विचारतो. तिथे मी डोमेन आणि बूलियन शोधत बसू? सेटएनफोर्स झिरो, दोन सेकंद. मूळ कारण सकाळी बघू. (सकाळी कोणी बघत नाही, ते सोडा.)

आणि लॉग वाचा म्हणणं सोपं आहे. डोन्टऑडिट नियमांनी गिळलेले नकार लॉगमध्ये येतच नाहीत. एकदा आख्खी रात्र एका सर्व्हिसमागे घालवली, लॉग कोरा करकरीत.

लालटोपी
सीमॉड्यूल ‘-डीबी’. डोन्टऑडिट उठतात, सगळं दिसतं. काम झालं की सीमॉड्यूल ‘-बी’. आख्खी रात्र गेली म्हणता, मॅन पेज पाच मिनिटांचं होतं.

रात्रपाळी
अडीच वाजता मॅन पेज वाचणाऱ्या महात्म्यास दंडवत.

पुन्हा_बॅकअप
माझा अनुभव. एका क्लायंटचं वर्डप्रेस, जुनाट प्लगइन, कोणीतरी वेबशेल (ब्राउझरमधून सर्व्हरवर कमांड चालवू देणारी फाइल) चढवला. अपलोड्समध्ये फाइल पडली, ती चाललीही. पण तो शेल बाहेर कनेक्ट व्हायला गेला तिथे अडला, कारण वर सांगितलेलं बूलियन बंद होतं. आम्हाला कळलं तेही एव्हीसींचा ढीग पाहून.

डेबियनकर
आउटबाउंड फायरवॉल असती तरी हेच झालं असतं.

पुन्हा_बॅकअप
फायरवॉलला प्रोसेस कुठली ते कळतं का?

डेबियनकर
लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलला ओनर मॅच आहे, यूआयडीवर (प्रोसेस कुठल्या यूजरची त्यावर) नियम लावता येतो. असो. एसईलिनक्सवाल्यांना दुसरं जग दिसत नाही. ॲपआर्मर या दुसऱ्या पहारेकऱ्याचं प्रोफाइल (नियमांची फाइल) उघडा, माणसाला वाचता येतं: ही फाइल वाच, ती लिही, बाकी नाही. तुमच्यासारखी प्रत्येक फाइलवर लेबलं नाहीत, ती पुन्हा लावायचं रिलेबल नाही. उबुंटूत कधीपासून आहे, डेबियनमध्येही २०१९ च्या बस्टरपासून डिफॉल्ट. कोणी बंद करा म्हणून पोस्टी लिहीत नाही.

लालटोपी
कारण बऱ्याच जणांना ते चालू आहे हेच माहीत नसतं. उबुंटूवर मायएसक्यूएलची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवून बघा. मालकी बरोबर, मोड बरोबर, तरी सर्व्हिस उठत नाही. मग तुमचाही माणूस एए-कम्प्लेन (ॲपआर्मरचं परमिसिव्ह) मारून मोकळा होतो. आणि ॲपआर्मर बनवणारी इम्युनिक्स कंपनी विकत घेऊन ज्या नॉव्हेल-सूसेच्या घरी ॲपआर्मर वाढलं, तिथेच ओपनसूसे टम्बलवीडच्या नव्या इन्स्टॉलला २०२५ पासून एसईलिनक्स डिफॉल्ट आहे. एवढं बोलून थांबतो.

डेबियनकर
डिरेक्टरी हलवली तर ट्यूनेबल्समधल्या एलियास फाइलमध्ये एक ओळ. एक! तुमच्याकडे आधी कुठल्या पाथला कुठलं लेबल ते सांगणारं एफकॉन्टेक्स्टचं रेगएक्स, मग ते लेबल लावणारं रिस्टोअरकॉन. आणि होमधून एमव्ही केलेली (हलवलेली) फाइल जुनंच लेबल घेऊन येते म्हणून ४०३ (प्रवेश नाही). हे तुम्ही फीचर म्हणून सांगता.

जारवाला
तुम्ही दोघं भांडताय ते एनजिनएक्स आणि मायएसक्यूएलवरून. त्यांची पॉलिसी डिस्ट्रोवाल्यांनी आयती दिलीय. आमची जार (जावाचा ॲप) /ऑप्ट मध्ये असते आणि सिस्टिमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा) तिला उठवतो. प्रोसेस कुठल्या डोमेनमध्ये आहे ते दाखवणारा पीएस ‘-ईझेड’ मारा, काय दिसतं? अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी. एनफोर्सिंग असो नसो, तिला कोणी अडवत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलने (जावाच्या लॉग लायब्ररीतल्या भगदाडाने) सगळ्यांची झोप उडवली, तेव्हा आमच्या प्रत्येक मशीनवर गेटएनफोर्स ‘एनफोर्सिंग’च म्हणत होतं. त्या जारसाठी त्याचा उपयोग शून्य.

लालटोपी
हे खरं आहे, आणि खरं असल्याचा रागही येतो. पण त्यावर उपाय बंद करणं नाही, पॉलिसी लिहिणं. सेपॉलिसी जनरेटला ‘--इनिट’ द्या: पॉलिसीच्या टीई, एफसी, आयएफ फाइली आणि बिल्डची स्क्रिप्ट तयार मिळते. नवं डोमेन सुरुवातीला परमिसिव्हच असतं, म्हणजे काही अडत नाही, फक्त नोंद होते. जावाची बायनरी सगळ्यांची एकच, म्हणून जार उठवणाऱ्या रॅपर स्क्रिप्टला स्वतःचं एक्झेक लेबल द्या. मग महिनाअखेरची बॅच, लॉग रोटेशन, बॅकअप सगळं एकदा होऊन जाऊ द्या आणि साचलेल्या एव्हीसी वाचा.

जारवाला
वाचा! वाचतं कोण? सगळे ऑडिट२अलाउमध्ये (नकारांवरून परवानगीचे नियम बनवणाऱ्या टूलमध्ये) ओततात आणि निघेल ते लोड करतात. आमच्याकडच्या एका मॉड्यूलमध्ये डॅक_ओव्हरराइड सापडलं. फाइलची मालकी चुकली होती, चाउन मारायचा सोडून सर्व्हिसला सगळ्या मालक्या ओलांडायचा परवाना दिला.

ऑडिटग्रस्त
‘एनफोर्सिंगच म्हणत होतं’ वरून आठवलं. आमच्याकडे ऑडिटर येतो, गेटएनफोर्सचा स्क्रीनशॉट मागतो आणि एक्सेलचा चौकोन हिरवा करतो. ‘-ईझेड’चा आउटपुट आजवर कोणी मागितलेला नाही.

त्या चौकोनापायी झालेलं ऐका. मशीन कित्येक वर्षं डिसेबल. ऑडिट सोमवारी. शनिवारी कोणीतरी कॉन्फिगमध्ये थेट एनफोर्सिंग लिहून रीबूट मारला. लाखो बारक्या फाइली, रिलेबल संपता संपेना. रविवारी मशीन उठलं, तर कीने लॉगिन होईना. होम डिरेक्टऱ्या /डेटा खाली होत्या, त्यांना लेबल लागलं डीफॉल्ट_टी, आणि एसएसएचडीला (लॉगिन देणाऱ्या सर्व्हिसला) ऑथराइज्ड_कीज ही किल्ल्यांची फाइल वाचता येईना. कन्सोलवरून पुन्हा परमिसिव्ह. सोमवारी ऑडिटरपुरतं सेटएनफोर्स वन, तो जेवायला गेला की झिरो.

लालटोपी
एफकॉन्टेक्स्टला ‘-ई’ देऊन /डेटा/होम हे /होमसारखं समज म्हणायचं असतं. आणि डिसेबलवरून आधी परमिसिव्हवर यायचं, मग एनफोर्सिंग. हे कागदोपत्री लिहिलेलं आहे हो.

ऑडिटग्रस्त
कागदोपत्री! क्यूबएडीएम या क्यूबरनेटीस बसवायच्या टूलच्या अधिकृत पानावरच रेड हॅटवाल्यांना एसईलिनक्स परमिसिव्ह करा म्हणून सांगितलंय. आमच्या एका व्हेंडरच्या इन्स्टॉल डॉकमध्ये पहिलीच पायरी डिसेबल. कुठला कागद धरू?

रात्रपाळी
त्यात २०२२ चे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश: घटना सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. आमच्याकडे एव्हीसींनी लॉगची डिस्क भरली म्हणून एका हुशाराने ऑडिट लॉग लिहिणारा ऑडिटडीच बंद केला. ऑडिटसाठी!

टिकमार्क
मी ऑडिट करतो. शिव्या खाऊन झाल्या, आता माझंही ऐका. तुम्ही आम्हाला एल-वनवर (सगळ्यात कमी बोलीवर) घेता, दोन दिवसांत आख्खा डेटा सेंटर उरकायला सांगता आणि मग आम्ही खोलात जात नाही म्हणून धागे काढता. एका ठिकाणी मी ‘-ईझेड’ मागितलं होतं. त्यांचे सीआयएसओ (सुरक्षाप्रमुख) म्हणाले, हे स्कोपबाहेर आहे. पुढच्या वर्षी बोलावलंच नाही.

ऑडिटग्रस्त
म्हणजे दोष आमचाच. वा!

टिकमार्क
जेवायला गेल्यावर झिरो कोणी केलं? मी?

डेबियनकर
चार दिवसांनी आलो तर धागा ऑडिटवर. अहो, सर्व्हिस कोंडायचीय ना? सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट, प्रायव्हेटटेम्प, नोन्यूप्रिव्हिलेजेस अशी बंधनं लिहा. सिस्टिमडी-ॲनलाइज सिक्युरिटी गुणसुद्धा देतो. जारवाल्यांना एवढं पुरे.

लालटोपी
चांगलं आहे, करावंच. फक्त नोन्यूप्रिव्हिलेजेस लावलंत की डोमेन ट्रान्झिशनही (सर्व्हिसचं स्वतःच्या डोमेनमध्ये जाणं) अडतं, त्यासाठी पॉलिसीत एनएनपी_ट्रान्झिशन वेगळं द्यावं लागतं. नाहीतर पुन्हा ‘एसईलिनक्समुळे सर्व्हिस उठत नाही’ म्हणून पोस्ट येईल.

जारवाला
पटलं म्हणून नाही, टोमणे ऐकून कंटाळा आला म्हणून यूएटीवर (चाचणीच्या मशीनवर) सेपॉलिसी जनरेट मारलं. साचलेल्या नकारांत पहिलीच ओळ एक्झेकमेम (मेमरीत बनवलेला कोड चालवायची मुभा). देऊ का?

लालटोपी
द्यावंच लागेल, जेव्हीएमचं (जावा चालवणाऱ्या इंजिनाचं) जेआयटी चालता चालता कोड बनवतं, ते त्याशिवाय चालत नाही. पुढे काय दिसतंय?

जारवाला
टेम्पमध्ये एचएसपर्फडेटा (जेव्हीएमची आकडेवारी) लिहायचंय, डेटाबेसच्या ५४३२ पोर्टला कनेक्ट व्हायचंय, आणि डॅक_ओव्हरराइड. शेवटचं कुठून आलं, कळत नाहीये.

लालटोपी
ते देऊ नका. लॉगची डिरेक्टरी कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

जारवाला
ॲपच्या यूजरच्या, आणि सर्व्हिस उठतेय रूट म्हणून. व्हेंडरच्या स्क्रिप्टने केलीय.