मदत हवी आहे: कोटेशनच्या टेम्प्लेटची यादी आणणाऱ्या एपीआय टूलचं वर्णन कसं लिहू आणि तपासू कसं?

पॅनेलवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो, आणि 'कॉम्प्युटरचं जे काय असेल ते'ही माझ्याच गळ्यात. हिशोब झोहो बुक्स या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर आहे. ऑफिसच्या चॅटमध्ये एक एआय सहायक बसवलाय आणि त्याला झोहोच्या एपीआयवरून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) एकेक टूल, म्हणजे एकेक काम करायची सोय, जोडत चाललोय. कुठलं टूल कधी चालवायचं हे सहायक त्या टूलचं वर्णन वाचून ठरवतो. त्यातल्या एकापाशी अडलोय.

टूलचं काम एवढंसं: एस्टिमेटसाठी (म्हणजे कोटेशनसाठी) कोणते टेम्प्लेट, म्हणजे छापायचे नमुने, आहेत त्याची यादी आणायची. संस्थेचा आयडी द्यायचा, उत्तरात प्रत्येक टेम्प्लेटचं नाव, आयडी आणि प्रकार येतो. बस. रकमा नाहीत, पार्टीचं नाव नाही, पीडीएफ नाही. आमच्याकडे चार आहेत: साधं, द्राक्षाच्या पॅकहाउसवाल्यांसाठी प्री-कूलिंगच्या लांबलचक तक्त्यांचं, वापीकडच्या पार्ट्यांसाठी इंग्रजी अटींचं, आणि 'जुनं, वापरू नका', जे सगळेच वापरतात.

वर्णनात मी एकच ओळ लिहिली होती: 'एस्टिमेट टेम्प्लेट मिळवतो'. मग मार्केटिंगच्या ताईंनी टाइप केलं, "पिंपळगावच्या पार्टीला मागच्या महिन्यात दिलेलं कोटेशन काढ." पठ्ठ्याने हेच टूल चालवलं आणि चार टेम्प्लेटची नावं समोर ठेवली. उलट शेठनी विचारलं, "कोटेशनचे फॉरमॅट कुठले कुठले आहेत आपल्याकडे?" तर म्हणाला, तशी सोय नाही! झोहोच्या स्क्रीनवर 'कोट्स', एपीआयमध्ये अजूनही 'एस्टिमेट्स', आणि आमच्याकडे या दोन्हीतलं काहीच कोणी म्हणत नाही.

तपासायला म्हणून २० वाक्यं आणि त्यांची अपेक्षित उत्तरं एक्सेलमध्ये लिहिली. तिथेही माती खाल्ली. टेम्प्लेटचे आयडी १८ अंकी, एक्सेल आकडा नेमका धरतं १५ अंकांपर्यंत. शेवटचे तीन अंक शून्य झाले, आणि बरोबर उत्तरांवरही मी फुल्या मारत बसलो. अर्धा दिवस गेला. आता तो कॉलम टेक्स्ट केलाय.

तर वर्णनात नेमकं काय काय हवं? आणि पास कशाला म्हणायचं, टूल चालवलं म्हणजे पास, की माणसाला हवं ते मिळालं म्हणजे?

गोदाकाठचा_कोडर

दादा, आधी ते 'मिळवतो' काढा. मिळवतो म्हणजे काय, कागद की नावं? मी असं लिहीन:

'कोटेशन (कोट, एस्टिमेट, दरपत्रक) छापण्यासाठी उपलब्ध असलेल्या नमुन्यांची फक्त यादी देतं: नाव, आयडी, प्रकार. एखाद्या पार्टीला दिलेलं कोटेशन शोधत नाही, नवीन बनवत नाही, नमुना बदलत नाही. कोटेशनला नमुना लावायचा असेल तर आधी इथून आयडी घ्या, मग नमुना लावायचं टूल वापरा.'

टूल काय करत नाही हे लिहायचा लोकांना कंटाळा येतो, पण तुमच्या ताईंचा घोळ त्याच ओळीने सुटेल. नमुना लावायचा कॉल (एपीआयला केलेली मागणी) वेगळा आहे, त्याला कोटेशनचा आयडी आणि टेम्प्लेटचा आयडी दोन्ही लागतात. दोन टूल्सची वर्णनं समोरासमोर ठेवून वाचा. तुमचाच गोंधळ उडाला तर सहायकाचा उडणारच.

एररचंही लिहा. ॲक्सेस टोकन (एपीआय वापरायचा तात्पुरता परवाना) तासाभराने संपतं. तेव्हा 'टेम्प्लेट नाहीत' असं उत्तर गेलं तर शेठ तुमच्याकडेच येणार. रिस्पॉन्समध्ये (एपीआयकडून आलेल्या उत्तरात) कोड ०, म्हणजे 'काम झालं', असेल तरच यादी खरी धरायची, नाहीतर 'आत्ता आणता आली नाही' असं स्वच्छ सांगायचं. आणि झोहोचं खातं भारतातलं असेल तर एपीआयचा पत्ता डॉट इनचा लागतो, डॉट कॉमचा चालत नाही. यात मी स्वतः एक संध्याकाळ घालवलीय.

सिडकोची_टेस्टर

पास-नापासचं मी सांगते, रोजचं तेच काम आहे. तीन रकाने वेगळे ठेवा: टूल योग्य निवडलं का, आयडी बरोबर भरले का, उत्तर माणसाच्या कामाचं होतं का. तिन्हींची बेरीज करून एकच मार्क दिलात तर चूक वर्णनात आहे की कोडमध्ये, काही कळणार नाही.

निम्मी वाक्यं अशी हवीत जिथे हे टूल चालवायचंच नाही. 'कोटेशन काढ', 'कोटेशनवर जीएसटी १८ टक्के लागलाय का बघ', असली. आणि वाक्यं तुम्ही रचू नका हो! तुम्हाला उत्तर माहीत असतं, म्हणून नकळत शब्दही वर्णनातलेच येतात. चॅटमधली जुनी वाक्यं उचला, 'कोटेशण'सारख्या टायपिंगच्या चुकांसकट.

एकेक वाक्य चार-पाच वेळा चालवा, दर वेळी तेच उत्तर येईल असं नाही. पण दर वेळी खरा कॉल नको, मिनिटाला १०० कॉलची मर्यादा आहे. रिस्पॉन्स एकदा साठवून तोच परत परत द्या.

पॅनेलवाला_अंबड

दोघांचेही आभार. वर्णन बदललं, ताईंचं वाक्य पाचही वेळा बरोबर गेलं. शेठचंही.

एकच अडलंय: "साधं कोटेशन दे." यात 'साधं' हे टेम्प्लेटचं नाव, की नुसतं साधंसुधं?

सिडकोची_टेस्टर

हे वर्णनाने सुटणार नाही. टेम्प्लेटचंच नाव बदला, 'एकपानी' वगैरे करा. आणि हात घातलाच आहे तर ते 'जुनं, वापरू नका' डिलीट करून टाका.

पॅनेलवाला_अंबड

एकपानी केलं. जुनं डिलीट करायला शेठ नाही म्हणतात, त्यावरच त्यांच्या वडिलांच्या वेळचा लोगो आहे.